वडिलांची मेंदूतली गाठ काढली, आठवड्याने रक्तवाहिनी आकसली. ऑपरेशनात चूक झाली का?

चूकच झाली असेल असं नाही. मी डॉक्टर नाही, वेंगुर्ल्यात काजूचं दुकान चालवतो. पण आमच्या आईला हेच झालं होतं.

तिची गाठ मेनिंजिओमाची, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी, कवटीच्या तळाशी. ऑपरेशन कोल्हापूरला झालं, सातव्या दिवशी आंबोली घाट उतरून घरी आलो. नवव्या दिवशी ती विळी मागत होती, पण शब्दच येईना. नुसतं 'ता... ता...'. उजव्या हातातली वाटी दोनदा सुटली. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अशक्तपणा असा, पेज भरव." आम्ही पेज भरवली. त्यात दुपार गेली, ते अजून खुपतं.

संध्याकाळी गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं. साध्या सीटी स्कॅनमध्ये ठळक काही नव्हतं. रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ केला तेव्हा डावीकडची धमनी आकसलेली दिसली. याला व्हॅसोस्पाझम म्हणतात. धमनीविस्फार (धमनीला आलेला फुगा) फुटून मेंदूत रक्तस्राव झालेल्यांमध्ये हा नेहमीचा, साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात येणारा. गाठीच्या ऑपरेशननंतर क्वचित. ऑपरेशनात धमन्यांभोवती सांडलेलं रक्त विरघळताना त्यांच्या भिंतींना चेतवतं आणि त्या आवळतात. म्हणून तर रुग्ण आधी चांगला असतो, मग बिघडतो.

उपचार ऐकून मी चक्रावलो होतो. रक्तदाब चक्क वाढवायचा! पण माडांची नळी कुठे दबली तर शेवटच्या माडापर्यंत पाणी न्यायला आपणही पंपाचा जोर वाढवतोच की. (रक्तस्राव होत नाहीये ना, हे बघूनच वाढवतात.) सोबत निमोडिपिन ही व्हॅसोस्पाझमसाठी देतात ती गोळी, दर चार तासांनी, रात्री दोनलासुद्धा उठवून. त्या गोळीने रक्तदाब उतरू शकतो, म्हणून नर्स सारखी मोजायची. एवढ्याने भागलं नाही तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून थेट धमनीत औषध सोडतात. आईला ती वेळ आली नाही. बोलणं महिनाभरात सुधारलं, 'विळी' मात्र अजून अडते.

तुमच्या डॉक्टरांना वडिलांच्या रक्तातलं सोडियम किती आहे तेही विचारा. ते उतरलं तरी माणूस असाच सुस्तावतो, गोंधळतो. आईचंही उतरलं होतं.

आणि डिस्चार्ज दिला तरी लगेच घाट उतरू नका, पंधरा दिवस हॉस्पिटलजवळ खोली घ्या. आम्ही खोलीभाडं वाचवलं आणि त्याच्या दुप्पट ॲम्ब्युलन्सला घातलं.