अबोल आहेस म्हणून सिंगल रूम घेऊ नकोस (पुणे, फर्स्ट इयर, मुलींचं हॉस्टेल)

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. परभणीहून पुण्याला इंजिनिअरिंगला चाललीयेस, स्वभावाने अबोल, कॉलेजच्या हॉस्टेलला थ्री शेअरिंगच्या वेटिंगवर नाव आहे आणि घरचे म्हणतायत की प्रायव्हेटला सिंगल रूम मिळतीये, शांत आहे, घेऊन टाकू. अगं २०१७ ला मी उदगीरहून आले तेव्हा अगदी हेच होतं, वेटिंगसकट.

वायफाय, गरम पाणी, सीसीटीव्ही वगैरे तुम्ही बघालच, त्यावर लिहीत नाही.

आमची चूक कुठे झाली ते सांगते. कॅप राउंडला (म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीत) सीट मिळाली, रिपोर्टिंग केलं, फी भरली, आणि आम्हाला वाटलं हॉस्टेलचं त्यातच आलं. तसं नसतं. हॉस्टेलचा फॉर्म वेगळा, त्याची तारीख वेगळी. ते कळेपर्यंत उशीर झाला आणि माझा वेटिंग नंबर आला २३. बाबा हॉस्टेल ऑफिसला गेले, साधा प्रश्न विचारला की २३ नंबर लागायची शक्यता किती. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "वेटिंग हलत नाही, बाहेर बघा." बाबांनी त्याच दिवशी बाहेर बघितलं. कॉलेजपासून चार किलोमीटरवर सिंगल रूम, वर्षाचे पैसे एकदम भरले तर १० टक्के सूट, म्हणून सगळे भरून टाकले. ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर सही केली आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने ते परत गेले.

वेटिंग हलतं. दर वर्षी हलतं! आपल्याकडे कितीतरी मुली सीईटी आणि नीट दोन्ही देतात, इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेऊन ठेवतात आणि मेडिकलचं, बीएएमएसचं नाव लागलं की सोडून जातात. काहीजणी पुढच्या राउंडला कॉलेज बदलतात. त्या रूम रिकाम्या होतात. ऑक्टोबरमध्ये प्रॅक्टिकलच्या बॅचमधली एक मुलगी सहज म्हणाली की ती महिनाभरापासून हॉस्टेललाच राहते, तिचा नंबर होता ३१. माझ्यानंतरचा! ती दर सोमवारी रेक्टर मॅडमना जाऊन भेटायची. आणि नावं लागल्याची नोटीस कुठे, तर हॉस्टेलच्या गेटच्या आत, जिथे हॉस्टेलचं कार्ड नसलेल्या मुलीला सोडतच नाहीत. मला फोन नाही, मेसेज नाही. मी ऑफिसला विचारायला गेले तर म्हणे, "नोटीस लावली होती." आजही आठवलं की घसा दाटून येतो. पैसे अडकलेले, मालक परत द्यायला तयार नाही, आणि बाबांना अजून पैसे मागायची माझी हिंमत झाली नाही.

तर ते वर्ष कसं गेलं. आमच्या मजल्यावर आठ रूम, बाहेर आठ चपलांचे जोड आणि आठही दारं बंद. दोघी आयटीत, तिघी एमपीएससीवाल्या, बाकीच्या दुसऱ्या कॉलेजच्या. कुणी वाईट नव्हतं पण प्रत्येकीची वेळ वेगळी, विषय वेगळे. पुण्यात बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. कॉलेज हॉस्टेलच्या मुली त्या वेळी घोळक्याने बाहेर जेवायला जायच्या, वर्गाच्या ग्रुपवर फोटो यायचे, आणि मी कॉटवर बसून आईने दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खायचे. एका सोमवारी ग्राफिक्सची (इंजिनिअरिंग ड्रॉइंगची) शीट घेऊन गेले तर सगळ्यांच्या शीटवर वेगळाच प्रॉब्लेम. सरांनी बदलला होता, हॉस्टेलला एकीने दुसरीला सांगितलं, ग्रुपवर टाकायचं कुणाला सुचलंच नाही. मैत्री तर नाहीच झाली, साधा निरोपसुद्धा माझ्यापर्यंत पोचायचा नाही.

म्हणून माझं ठाम मत (पटलं तर घे) : अबोल मुलीने सिंगल रूम घेऊच नये. ज्यांना चार शब्द सहज बोलता येतात त्या कुठेही राहिल्या तरी माणसं जोडतात. आपल्यासारख्यांना स्वतःहून जाऊन दार वाजवणं जमत नाही, आपल्याला रूममध्येच माणूस असावं लागतं, जी "चल गं जेवायला" म्हणेल. सेकंड इयरला मला थ्री शेअरिंग मिळाली, एक सोलापूरची, एक जळगावची. पहिल्या आठवड्यात मी कदाचित वीस वाक्यं बोलले असेन, तरी रोज तिघींची ताटं एका टेबलावर असायची. टू शेअरिंगपेक्षा मी थ्री म्हणेन, एकीशी नाहीच पटलं तरी दुसरी असते.

बघायला जाशील तेव्हा फर्स्ट इयरच्या मुली एकत्र ठेवतात का हे विचार. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत नवीन मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवावं असं आहेच, पण मला ते ओळखी व्हायच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं वाटतं, सगळ्या सारख्याच बावरलेल्या असतात. (रॅगिंगचा काही त्रास झालाच तर १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेव.) संध्याकाळी सात-साडेसातला जा, दुपारी हॉस्टेल रिकामं असतं, काही कळत नाही. जेवायच्या वेळी मेसमध्ये बघ, मुली गप्पा मारत बसतात की ताट घेऊन रूममध्ये जातात. आणि गेट टाइम विचार, पण उशिराच्या परवानगीचं काय हेही विचार, कारण पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकाच्या (कॉलेजांच्या नाटकांच्या स्पर्धा) तालमी रात्रीपर्यंत चालतात. तुला नाटकात काम करायचं नसेल तरी बॅकस्टेजला जा, नाटकाचं सामान सांभाळता सांभाळता ओळखी होतात. मला रूमबाहेरच्या पहिल्या चार मैत्रिणी तिथेच मिळाल्या, तेही थर्ड इयरला.

पैशांचं म्हणशील तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर) डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा फॉर्म असतो, पात्रता आणि कागदपत्रं आत्ताच बघून ठेवा. अनुसूचित जातीतल्या मुलींना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे. गावाकडच्या गरजू मुलींसाठी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहंही आहेत, १९५५ पासूनची संस्था आहे.

मी फक्त मुलींच्या हॉस्टेलबद्दल बोलतीये, मुलांचं मला माहीत नाही. आणि तब्येतीचं काही कारण असेल, झोपेचा त्रास असेल, तर सिंगल रूमच बरी, तिथे माझं ऐकू नका. प्रायव्हेटला राहून छान रमलेल्या मुलीही मी पाहिल्यात, पण त्यांच्या मजल्यावर वर्गातल्याच चौघी-पाचजणी होत्या.

आता तू काय कर, वेटिंगवरून नाव काढू नकोस. तोपर्यंत महिन्याच्या पैशांवर कुठेतरी राहा, सूट देतायत म्हणून वर्षाचे भरू नका, बाबांना हे माझ्या नावाने सांग हवं तर. दर आठवड्याला रेक्टर मॅडमना स्वतः जाऊन भेट, काउंटरवर नको. बोलायला अवघड जातं हे मला माहितीये, म्हणून एका कागदावर नाव, ब्रँच, वेटिंग नंबर आणि मोबाइल नंबर लिहून ने आणि तो हातात दे. नंबर किती आहे तेवढं इथे कळव.