'एम्बेडेड' पत्रकार: अंतःस्थापित, संलग्न की आणखी काही?

विचारणा अशी आहे: इराक युद्धावरच्या लेखाचा अनुवाद करताना 'एम्बेडेड जर्नलिस्ट'साठी 'अंतःस्थापित पत्रकार' हा प्रतिशब्द कुणीतरी सुचवला. तो चालेल का, की सरळ 'युद्धवार्ताहर' लिहावे?

माझ्या मते दोन्ही नकोत. 'अंतःस्थापित' म्हटले की माणूस डोळ्यांसमोर येतच नाही, भिंतीत बुजवलेली वायरिंग येते. 'युद्धवार्ताहर' चांगला रुळलेला शब्द, पण त्याची व्याप्ती फार मोठी. युद्धाच्या बातम्या देणारा कुणीही त्यात बसतो. इथे एक विशिष्ट व्यवस्था सांगायची आहे.

१९९१च्या आखाती युद्धात अमेरिकी लष्कर पत्रकारांचे मोजके गट आपल्या अधिकाऱ्यांच्या नजरेखाली फिरवून आणी, आणि त्यांचा मजकूर बाकीच्यांनी वाटून घ्यायचा. पत्रकार त्यावर चांगलेच वैतागले होते. २००३ साली, इराक युद्धात, पेंटॅगॉनने (अमेरिकी संरक्षण खात्याने) पत्रकाराला थेट एका तुकडीतच धाडले. हाच 'एम्बेडेड' पत्रकार. तिच्याच गाडीतून जायचे, तिचेच खायचे, तिथेच झोपायचे. शस्त्र बाळगायचे नाही. निघण्याआधी अटींवर सही: पुढचे बेत फोडायचे नाहीत, मेलेल्या सैनिकाच्या घरी निरोप पोचण्याआधी त्याचे नाव द्यायचे नाही. फॉक्स न्यूजच्या जेराल्डो रिवेराने कॅमेऱ्यासमोर वाळूत नकाशा काढून आपली तुकडी कुठे आहे नि कुठे निघाली आहे ते दाखवले, आणि त्याला इराकमधून गाशा गुंडाळावा लागला.

म्हणजे अर्थाचा गाभा 'सोबत' हा आहे, आणि त्या सोबतीला अटी आहेत. ही सोबत काही २००३मध्येच जन्मली नाही. १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश पत्रकार आरमाराच्याच जहाजांवर होते आणि बातमी तपासल्याशिवाय जात नसे. हल्ल्याला किती विमाने गेली हे सांगायची बीबीसीच्या ब्रायन हॅनरहनला मनाई होती. त्याने सांगितले, आकडा देता येत नाही, पण जाताना सगळी मोजली आणि परत येतानाही सगळी मोजली. अटही पाळली, बातमीही दिली!

आता पर्याय. 'संलग्न' जवळ जातो, पण विद्यापीठाला महाविद्यालय संलग्न असते तशी त्यात मालकीची छटा आहे. पत्रकार लष्कराचाच वाटू लागतो. 'तैनात' तर नकोच. 'तैनाती फौज' आठवा: राहायची संस्थानिकाच्या खर्चाने, ऐकायची कंपनीचे. 'तैनाती पत्रकार' टोमणा म्हणून झकास आहे, बातमीत नको. 'लष्कराचा बातमीदार' ही जोडीही टाळावी. जुन्या मराठीत बातमीदार म्हणजे हेरसुद्धा, आणि पोलिसांच्या लेखी 'गुप्त बातमीदार' आजही खबऱ्याच असतो.

मी 'सैन्यासोबतचा वार्ताहर' लिहीन. तुकडीचे नाव द्यायचे असेल तर 'अमुक तुकडीसोबतचा'. शब्द साधा आहे, पण कायद्याशीही जुळतो. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात सैन्याच्या परवानगीने त्याच्यासोबत जाणारा, पण सैन्याचा भाग नसलेला वार्ताहर वेगळा नोंदलेला आहे. शत्रूच्या हाती सापडला तर तो युद्धकैदी ठरतो. या करारांना १९७७मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त कराराने (प्रोटोकॉल) इतर पत्रकारांना नागरिक मानले आहे.

अनुवादात 'युनिलॅटरल' हा शब्दही येईल, कारण सैन्यासोबत न जाणाऱ्यांना तेव्हा असे म्हणत. त्याचे 'एकतर्फी पत्रकार' करू नका, अर्थाचा अनर्थ होईल. 'मुक्त पत्रकार'ही नको, तो फ्रीलान्सर झाला. मार्च २००३मध्ये बसऱ्याजवळ मारला गेलेला टेरी लॉइड असाच सैन्याविना गेला होता, पण होता आयटीएन या ब्रिटिश वृत्तसंस्थेचा. त्याच्यासाठी 'स्वतंत्रपणे गेलेला वार्ताहर' असे दोन शब्द जास्त खर्च करावेत.