वाचकांचे प्रश्न : सिसिली टायसन यांनी नाकारलेल्या भूमिका

प्रश्न : ‘द हेल्प’ या चित्रपटात आणि नंतर ‘हाउ टू गेट अवे विथ मर्डर’ या मालिकेत मी अमेरिकी अभिनेत्री सिसिली टायसन यांना पाहिले. १९७२ सालच्या ‘साउंडर’साठी त्यांना ऑस्करचे नामांकन होते, असे वाचनात आले. मग त्यानंतर त्यांचे चित्रपट इतके थोडे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : याचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की कृष्णवर्णीय स्त्रीची मानहानी करणारी भूमिका करायची नाही, असे टायसन यांनी ठरवले होते. ते खरे आहे, पण अर्धेच.

कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावरून न्यूयॉर्कला आलेल्या आईबापांची ही मुलगी तेथील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढली. आई अत्यंत धर्मनिष्ठ होती. रेडक्रॉसमधील टंकलेखनाची नोकरी सोडून मुलगी आधी मॉडेलिंगकडे आणि मग अभिनयाकडे वळली, तेव्हा मायलेकींचे बोलणेही काही काळ बंद होते. १९६३ साली ‘ईस्ट साइड/वेस्ट साइड’ या मालिकेत त्यांना समाजकार्य संस्थेतील सचिवाची भूमिका मिळाली. त्यांनी ती आपले कुरळे केस सरळ न करता, आखूड ठेवून केली. अमेरिकी दूरचित्रवाणीवर कृष्णवर्णीय स्त्री अशा केसांनी दर आठवड्याला दिसणे, ही त्या काळात साधी बाब नव्हती.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय नटनट्यांना काम मिळू लागले, परंतु त्यातील बरेचसे गुंड, दलाल आणि वेश्या यांच्या पात्रांचे होते. टायसन यांनी ते घेतले नाही. ‘साउंडर’मध्ये त्यांनी १९३०च्या दशकातील महामंदीच्या काळातली, अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातली रिबेका साकारली. उपाशी मुलांसाठी मांस चोरल्याबद्दल नवरा तुरुंगात जातो आणि ही बाई बटाईची शेती व पोरे एकटीने सांभाळते. तो परत येताना दिसताच रस्त्यावरून धावत सुटणारी रिबेका ज्याने पाहिली आहे, त्याला हे नामांकन का मिळाले ते वेगळे सांगावे लागणार नाही. या चित्रपटाच्या प्रसिद्धीच्या वेळी एका श्वेतवर्णीय पत्रकाराने त्यांना सांगितले, की पडद्यावरचा कृष्णवर्णीय मुलगा बापाला ‘डॅडी’ म्हणतो हे ऐकून आपल्याला अस्वस्थ वाटले, कारण आपला मुलगाही आपल्याला तसेच म्हणतो. केवळ नटी असून आपल्याला भागणार नाही, अशी त्यांची खूणगाठ या अनुभवाने पक्की झाली.

आता उरलेले अर्धे उत्तर. ‘साउंडर’च्या वर्षी ऑस्करच्या प्रमुख अभिनेत्रीच्या गटात टायसन आणि डायना रॉस अशा दोन कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, आणि त्यांच्याआधी त्या गटात डोरोथी डँड्रिज ही एकच पोहोचली होती. पुरस्कार लायझा मिनेली यांना मिळाला. या गटात कृष्णवर्णीय स्त्रीच्या हाती पुतळा यायला २००२ साल उजाडले, हॅली बेरी यांच्या रूपाने. म्हणजे टायसन यांनी पुष्कळ नाकारले हे खरे असले, तरी नाकारू नये असे त्यांच्यासाठी फारसे लिहिलेच जात नव्हते, आणि माझ्या मते दोष आधी तेथे मोजला पाहिजे. त्यांच्या निर्धाराचे कौतुक करताना आपण त्या उद्योगाला सहज सोडून देतो. त्यांना खरी जागा दिली ती दूरचित्रवाणीने : गुलामगिरीवरील ‘रूट्स’ मालिकेतील नायक कुंटा किंटेची आई बिंटा, ‘किंग’मधील मार्टिन ल्यूथर किंग यांची पत्नी कोरेटा स्कॉट किंग, गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन, शिकागोच्या शिक्षिका मार्वा कॉलिन्स. चित्रपटांची यादी आखूड दिसते, कारण त्यांचे उत्तम काम त्या यादीबाहेर आहे.

प्रश्न : जेन पिटमन ही स्त्री खरोखर होऊन गेली का? टायसन यांनी तिचे म्हातारपण कसे साकारले? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. ती अर्नेस्ट गेन्स यांच्या कादंबरीतील काल्पनिक नायिका आहे, मात्र निवेदन आत्मचरित्राच्या धाटणीचे असल्याने अनेकांचा असा समज होतो. जानेवारी १९७४ मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर दाखवलेल्या ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन’ या कादंबरीवरील चित्रपटात टायसन तरुणपणापासून ११० वर्षांपर्यंतची जेन झाल्या. रंगभूषा स्टॅन विन्स्टन आणि रिक बेकर यांची होती आणि तिलाही एमी हे दूरचित्रवाणीचे अमेरिकी पारितोषिक मिळाले. पण रबराच्या सुरकुत्या कितीही चांगल्या असल्या, तरी त्यांच्याखालचा श्वास नटालाच घ्यावा लागतो. शेवटी जेन काठी टेकत, श्वेतवर्णीयांसाठी राखून ठेवलेल्या पाण्याच्या नळाकडे चालत जाते आणि पाणी पिते. तिची चाल कोठेही घाईची होत नाही, दिग्दर्शक जॉन कॉर्टी यांनीही ती घाईने कापलेली नाही, आणि तेवढ्या अंतरात गुलामगिरीपासून नागरी हक्कांच्या लढ्यापर्यंतचा काळ प्रेक्षकाला जाणवतो. चित्रपटाला एकूण ९ एमी मिळाली, त्यांपैकी दोन टायसन यांची होती.

प्रश्न : त्यांचे जन्मवर्ष कोठे १९२४, कोठे १९३३ असे का छापलेले असते? – एक वाचक, पुणे

उत्तर : १९ डिसेंबर १९२४ हीच तारीख बरोबर आहे. कारकिर्दीच्या सुरुवातीला त्यांचे वय कमी सांगितले गेले आणि तेच पुढे वर्षानुवर्षे छापले गेले. खऱ्या जन्मवर्षाप्रमाणे २०१३ साली ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ या नाटकासाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या ८८ वर्षांच्या होत्या. जुन्या संदर्भावरून ७९ असा आकडा कोणी दिला असेल, तर तो दुरुस्त करून घ्यावा.