कौतुकाचं पान

प्रिय मुली,

तुझी मेल वाचली. नोकरीला लागल्या लागल्या कॉलेजच्या वार्तापत्रातलं प्राध्यापक-कर्मचाऱ्यांच्या यशाचं पान तुझ्याकडे आलं आणि ‘हे तर नुसतं यादी करायचं काम’ असं तू लिहिलंयस. मला तसं मुळीच वाटत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीच्या सरकारी कॉलेजात, गणित शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ते पान मी दर महिन्याला सगळ्यांत आधी उघडायची, आणि त्यात कोणाची नावं कधीच येत नाहीत हेही मला पाठ झालं होतं.

चालून येईल तेवढंच छापू नकोस. ‘आपलं यश कळवा’ अशी मेल तू सगळ्यांना टाकशील, तेव्हा उत्तरं कोणाची येतील ते मी आत्ताच सांगते. ज्यांचा शोधनिबंध छापून आला, ज्यांनी परिषदेत पेपर वाचला, ज्यांची पीएचडी झाली, त्यांची. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. एकेका सत्रात पाच-पाच वर्ग शिकवून, गठ्ठेच्या गठ्ठे तपासून उरलेल्या वेळात संशोधन करणं खायचं काम नाही. पण ही कॉलेजं निघाली ती शिकवण्यासाठी. 1901 साली इलिनॉयमध्ये जोलिएटला पहिलं ज्युनिअर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजला तेव्हा हेच नाव होतं) सुरू झालं ते हायस्कूलच्या इमारतीत, सहा विद्यार्थ्यांना घेऊन. तिथपासून आजपर्यंत खरं काम वर्गात आणि काउंटरवर होत आलंय, आणि ते करणारी माणसं स्वतःहून मेल पाठवत नाहीत.

एक उदाहरण देते. 2023 साली फाफ्साचा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा, नवा फॉर्म आला. एरवी 1 ऑक्टोबरला उघडणारा फॉर्म तेव्हा डिसेंबर सरता सरता उघडला, आणि ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळखक्रमांक, नव्हता त्या मुलांना कित्येक आठवडे तो पुढे नेताच येईना. आमच्या आर्थिक मदत विभागात काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी एक पिवळी वही घातली. अडकलेल्या प्रत्येकाचं नाव, कुठल्या रकान्यात अडलंय ते, आणि पुन्हा फोन कधी करायचा ती तारीख. काही दुरुस्त झाल्याचं कळलं की वही उघडून एकेकाला फोन लावायच्या. मुलगा कामावर असला तर आईशी बोलायच्या, स्पॅनिशमधून, अगदी सावकाश. त्या वसंतात किती मुलं कॉलेज सोडण्याच्या बेतात होती ते मी माझ्या वर्गात पाहत होते, आणि त्यांतली कितीतरी त्या वहीमुळे टिकली. पानावर मात्र बाईंचं नाव आलं नाही. कोणी विचारलंच नव्हतं ना!

म्हणून तू विचारायला जा. ऑफिसात बसून हे पान होणार नाही. विभागप्रमुखाला ‘काही विशेष?’ असं विचारलंस तर ‘नाही, नेहमीचंच’ म्हणेल. त्यापेक्षा ‘या सत्रात कोणामुळे तुमचं काम सोपं झालं?’ असं विचार. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका लगेच प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचं नाव घेतील. रात्रीच्या वर्गांना जा. तिथे तुला अर्धवेळ शिकवणारे भेटतील, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गाडी हाकत जाणारे. इथे त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. बहुतेकांना स्वतःची खोली नसते, आणि कित्येकांना हे पान निघतं हेसुद्धा ठाऊक नसतं. आमच्या राज्यात प्राध्यापकांचा हेवर्ड पुरस्कार पूर्णवेळ आणि अर्धवेळ दोघांनाही देतात, शिकवण्याबाहेरच्या कर्मचाऱ्यांसाठीही राज्य पातळीवर वेगळा सन्मान आहे. पण शिफारस कॉलेजातूनच जावी लागते, आणि ज्याचं काम कुठे लिहूनच ठेवलेलं नाही त्याची शिफारस कोण करणार?

आता लिहिण्याबद्दल. ‘गणित विभागाने अभ्यासक्रमात सुधारणा केली’ असं वाक्य आमच्याबद्दल एकदा छापून आलं होतं. 2017 च्या एबी 705 कायद्यामुळे 2019 पासून मुलांना उजळणीच्या वर्गांत अडकवून न ठेवता थेट ट्रान्सफरच्या पातळीचं, म्हणजे पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात धरलं जाणारं, गणित द्यायचं ठरलं. त्यासाठी आमच्यातल्या काही जणांनी संख्याशास्त्राच्या तासाला जोडून आधाराचा तास बसवला, उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज बसून एकेक धडा पुन्हा लिहिला. त्या एका गुळगुळीत वाक्यात यातलं काहीच दिसत नाही. कोणी केलं, काय केलं, आणि विद्यार्थ्याला त्याने काय फरक पडला, एवढं दोन ओळींत लिही. ‘समर्पित’, ‘अथक’ असली विशेषणं टाकून दे. पिवळ्या वहीबद्दल नुसतं सांगितलंस तरी पुरे.

अशा कामाचं मोल कोणी विचारलंच तर न्यूयॉर्कचं सांग. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या कम्युनिटी कॉलेजांनी 2007 मध्ये एएसएपी हा उपक्रम सुरू केला. सरकारी मदत मिळूनही उरलेली फी भरली, प्रवासाचा पास दिला, पुस्तकं दिली, आणि जोडीला असा सल्लागार दिला ज्याच्याकडे शंभराच्या आतच विद्यार्थी होते. इतर विद्यार्थ्यांच्या सल्लागाराकडे सहाशेहून जास्त असायचे. एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तुलना केली, तर तीन वर्षांत पदवी घेणारे नेहमीच्या सोयी मिळालेल्या गटात 22 टक्के आणि एएसएपीच्या गटात 40 टक्के निघाले. पास आणि पुस्तकांचा वाटा त्यात आहेच, पण महिन्यातून दोनदा समोर बसवून ‘गेल्या आठवड्यात वर्गाला का नव्हतास?’ असं विचारणाऱ्या माणसाचाही आहे. तुझ्या कॉलेजातही अशी माणसं असणार. ती शोध.

दोन गोष्टी सांभाळ. छापण्याआधी ज्याच्याबद्दल लिहिलंयस त्याला मजकूर दाखव. काहींना नाव नको असतं, त्यांचा मान राख. आणि विद्यार्थ्याची ओळख पटेल असं काही त्याच्या लेखी संमतीशिवाय लिहू नकोस. विद्यार्थ्यांची माहिती खाजगी ठेवणारा 1974 चा फर्पा कायदा वाचून ठेव, नवीन माणसाला तो कोणी समजावून सांगत नाही. आणि हो, कॅलिफोर्नियात काउन्सेलर आणि ग्रंथपाल फॅकल्टीत मोडतात. तुझ्या राज्यात काय नियम आहे ते एचआरला विचारून घे, नाहीतर चुकीच्या रकान्यात नाव घालशील आणि ते लोकांना फार लागतं.

पहिल्या पानाचा मसुदा झाला की पाठव. रविवारी सकाळी मी मोकळी असते, फोनवर बसून एकेक ओळ पाहू.

तुझी,
मावशी