उबंटूवर जीएलएफडब्ल्यू (ग्राफिक्स प्रोग्रामसाठी खिडकी उघडून देणारी लायब्ररी) बिल्ड करताना 'रँडआर हेडर्स नॉट फाउंड' येतं, पण रँडआरची (स्क्रीनचं रिझोल्यूशन हाताळणारा भाग) लायब्ररी तर इन्स्टॉल आहे. काय करू?

लायब्ररी आहे, हेडर (कंपाइलरला लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख करून देणाऱ्या फाइली) नाहीत. डेबियन-उबंटूत प्रोग्राम चालवायची फाइल एका पॅकेजात आणि कंपाइलसाठीचे हेडर 'डेव्ह' शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात असतात. एक्स11 (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) साठी एकटं 'एक्सऑर्ग-डेव्ह' पुरतं. रँडआर, झिनेरामा, एक्सकर्सर सगळे हेडर त्यातूनच येतात, एकेक शोधत बसू नका. जीएलएफडब्ल्यूच्या आवृत्ती 3.4 पासून वेलँडचा (एक्स11 ची जागा घेणारी नवी व्यवस्था) आधारही आपोआप बिल्ड होतो, म्हणून 'लिबवेलँड-डेव्ह' आणि 'लिबएक्सकेबीकॉमन-डेव्ह'सुद्धा टाका. वेलँड नकोच असेल तर सीमेकमध्ये (बिल्डची तयारी करणारं साधन) त्याचा पर्याय ऑफ करा.

पुढे स्वतःचा प्रोग्राम लिंक करताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आला, तर लायब्ररींची नावं कमांडमध्ये सोर्स फाइलच्या आधी लिहिली गेलीत का बघा. लिंकर (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणारा प्रोग्राम) डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे ती शेवटीच हवीत.