एस्पेरांतो शिकताना मराठी माणूस कुठे अडतो? वाचकांचे प्रश्न

(वॉर्सातील नेत्रवैद्य लुडविक झामेनहोफ यांनी 1887 साली प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतो या रचलेल्या भाषेविषयी आलेले हे प्रश्न. उदाहरणे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

प्रश्न: लिहिले तसेच वाचायचे, असे म्हणतात. मग माझे उच्चार चुकीचे का ठरतात?

लिहिले तसे वाचायचे हे खरेच आहे. 28 अक्षरे, प्रत्येकाचा एकच ध्वनी. पण मराठी वाचक नकळत आपल्या सवयी त्यात मिसळतो.

पहिली सवय ‘अ’ची. एस्पेरांतोत ‘अ’ नाहीच. स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. सकाळ म्हणजे ‘मातेनो’. त्याचे ‘मतेनो’ केले की शब्द बिघडतो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मात्र अर्थ बदलत नाही, त्यामुळे त्याची चिंता नको.

दुसरी गोष्ट आघाताची, म्हणजे उच्चारातल्या जोराची. तो नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर येतो. ‘फामिलिओ’ (कुटुंब) या शब्दात चार अवयव (उच्चारखंड) आहेत आणि आघात ‘लि’वर आहे. घाईत ‘फामिल्यो’ म्हटले की एक अवयव गळतो आणि आघात आधीच्या ‘मि’वर सरकतो.

‘च’च्या बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. ‘चार’मधला आणि ‘चांगला’मधला असे दोन्ही ‘च’ एस्पेरांतोत आहेत. फरक एवढाच की तिथे त्यांना दोन वेगळी अक्षरे आहेत: टोपीवाला (डोक्यावर टोपीसारखी ^ खूण असलेला) ‘सी’ म्हणजे ‘चार’चा, बिनटोपीचा म्हणजे ‘चांगला’चा. इंग्रजी माध्यमातून शिकणारे बिनटोपीचा ‘सी’ हमखास ‘क’ किंवा ‘स’ वाचतात.

खरी मेहनत ‘झेड’ आणि टोपीवाल्या ‘जे’साठी घ्यावी लागते. गळ्यावर बोट ठेवून ‘स्‌स्‌स्’ लांबवा आणि श्वास न तोडता गळ्यात कंप आणा: झाला ‘झेड’. हेच ‘श्‌श्‌श्’पासून केले की टोपीवाला ‘जे’ मिळतो. सुरुवातीला जीभ टाळूला टेकली तर त्याचा ‘जेवण’मधला ‘ज’ होतो, आणि तो इथे टोपीवाल्या ‘जी’चा ध्वनी आहे.

प्रश्न: कर्माला ‘न’ लावायचा हे पाठ आहे, तरी तो कधी राहून जातो, कधी भलत्याच ठिकाणी लागतो. काही युक्ती?

मराठीभाषकाची सर्वांत मोठी अडचण हीच, आणि तिचे मूळ आपल्या ‘ला’मध्ये आहे. ‘कुत्रा मांजराला चावतो’ इथे ‘ला’ दिसतो, म्हणून ‘ला हुंदो मोर्दास ला कातोन’ सहज जमते (एस्पेरांतोतला ‘ला’ हा आपला प्रत्यय नव्हे, तो इंग्रजी ‘द’सारखा नामाआधी येतो). पण ‘मी पुस्तक वाचतो’ यात पुस्तकाला काहीच लागत नाही, आणि तिथे ‘न’ गळतो. बरोबर वाक्य: ‘मी लेगास लिब्रोन’. सजीव-निर्जीव हा भेद एस्पेरांतोला ठाऊक नाही.

उलटी चूक ‘मी मुलाला पुस्तक देतो’ या वाक्यात होते. इथला ‘ला’ संप्रदानाचा आहे; त्यासाठी ‘आल’ हे शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येते: ‘मी दोनास लिब्रोन आल ला क्नाबो’. मुलगा ‘न’शिवाय, पुस्तक ‘न’सकट.

भूतकाळात आणखी एक खड्डा आहे. ‘मुलाने पोथी वाचली’ यात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद पोथीप्रमाणे फिरते. एस्पेरांतोत कर्ता तसाच राहतो, कर्माला ‘न’ लागतो आणि ‘लेगिस’ कुणासाठीही बदलत नाही: ‘ला क्नाबो लेगिस लिब्रोन’.

वाक्य रचताना आधी क्रियापद धरा. ते करणारा कोण, हे ठरवून त्याला हात लावू नका. मग क्रिया थेट कशावर होते ते शोधून त्या नामाला आणि त्याच्या विशेषणालाही ‘न’ लावा. अनेकवचनाचा ‘य’ नेहमी ‘न’च्या आधी: ‘मी विदास बेलाय्न दोमोय्न’, मी सुंदर घरे पाहतो. मराठीत ‘सुंदर’ कधीच बदलत नाही, म्हणून विशेषणाचा प्रत्यय विसरतो; इथे प्रत्येक विशेषण बदलते. ‘एस्तास’ (आहे) नंतर मात्र ‘न’ नाही.

‘न’चे दुसरे काम दिशा दाखवण्याचे. ‘ला बिर्दो फ्लुगास एन ला चांब्रो’ म्हणजे पक्षी खोलीतल्या खोलीत उडतो. ‘चांब्रोन’ म्हटले तर तो बाहेरून खोलीत येतो. मराठीत दोन्हीकडे ‘खोलीत’च, त्यामुळे हा फरक जाणीवपूर्वक घोटावा लागतो. ‘आल’ (कडे) आणि ‘एल’ (मधून) यांच्यापुढे ‘न’ लावू नये. दिशा त्यांच्यातच आहे.

प्रश्न: ‘सिया’ आणि ‘लिया’ यांत फरक काय?

‘आपला’ आणि ‘त्याचा’ यांतला. ‘ला क्नाबो प्रेनास सियान साकोन’: मुलगा आपली पिशवी घेतो. ‘लियान’ म्हटले तर पिशवी दुसऱ्या कुणाची. युरोपातल्या अनेकांना हे शिकावे लागते, आपल्याला ते उपजत येते. फक्त ‘तू आपली पिशवी घे’ इथे सावध राहा. ‘सिया’ केवळ तृतीय पुरुषासाठी असते, म्हणून ‘प्रेनु वियान साकोन’. ते कर्त्याचा भागही होत नाही: ‘ला क्नाबो काय लिया फ्रातो वेनिस’, मुलगा आणि त्याचा भाऊ आले. (‘काय’ म्हणजे आणि.)

‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींसाठी एकच ‘नी’ आहे. हा भेद हरवतो, आणि तो मराठी माणसाला जाणवत राहतो.

प्रश्न: व्याकरणाचे 16 नियम पुरेसे आहेत का?

नाहीत. ते सांगाडा देतात. 1905 च्या ‘फुंदामेंतो’त (एस्पेरांतोच्या आधारग्रंथात) नियमांसोबत 42 भागांचा अभ्याससंग्रह आहे, खरा वापर तिथल्या वाक्यांतून कळतो. रोज एक भाग मोठ्याने वाचा.

प्रश्न: टोपीवाली अक्षरे कळफलकावर कशी उमटवायची?

झामेनहोफ यांनी अक्षरापुढे ‘एच’ लिहायची मुभा दिली होती. पण ‘फ्लुगहावेनो’ (विमानतळ) मध्ये ‘जी’ आणि ‘एच’ हे मुळातच दोन वेगळे ध्वनी आहेत. ते टोपीवाला ‘जी’ समजले जाण्याचा धोका राहतो. म्हणून संगणकावर ‘एच’ऐवजी अक्षरापुढे ‘एक्स’ लिहायची पद्धत घ्यावी: हे अक्षर एस्पेरांतोच्या वर्णमालेत नाही, त्यामुळे गोंधळ होत नाही.