जुन्या एस्टीमची क्लच केबल: कोणती घ्यावी आणि प्ले किती ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2001 ची मारुती एस्टीम, 1.3 लिटरचं 16 व्हॉल्व्हचं इंजिन, मागच्या मालकाने बसवलेली जड प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग). क्लच जड झालाय आणि पाय जवळजवळ पूर्ण सोडल्यावर पकडतो. मेकॅनिक म्हणतो क्लच वायर बदला. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात दोन केबल दाखवल्या, त्यातली कोणती घ्यायची आणि बसवल्यावर ती कशी सेट करायची?

केबल घेण्याआधी एक गोष्ट बघा, कारण तुमच्या वर्णनातच ती दडलीय. केबल ताणून लांबली की प्ले, म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी चाल, वाढतो आणि क्लच खाली, फळीजवळ पकडायला लागतो. तुमचा वर पकडतोय. म्हणजे एक तर कुणीतरी केबलचा ॲडजस्टिंग नट जास्त आवळलाय, नाहीतर क्लच प्लेट झिजलीय. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनच्या जड चाकाकडे) सरकते आणि डायफ्रामची, म्हणजे तिच्या चकतीसारख्या स्प्रिंगची, बोटं उलट त्यांना दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे येतात. प्ले आपोआप खाल्ला जातो आणि पकड वर चढत जाते. बोटांचा कोन बदलल्यामुळे पेडलही जड लागतं. अशा गाडीला नुसती नवी केबल घातली तर पंधरा दिवस बरं वाटेल, प्लेट मात्र तशीच झिजलेली राहील.

खात्री करायला गिअरबॉक्सजवळ केबल रिलीज लिव्हरवरून (ती ज्या दांड्याला ओढते त्यावरून) सोडवा. आतली तार हाताने पुढे-मागे ओढा. ती अडखळत, करकरत चालली किंवा एखाद्या जागी दोरा तुटून बाहेर आलेला दिसला, तर केबल गेली. एक दोरा तुटला तरी बदलायची, कारण उरलेल्या दोऱ्यांवर तेवढा ताण वाढतो. तार लोण्यासारखी सरकत असेल आणि तरीही पेडल जड असेल, तर दोष केबलचा नाही. मग प्रेशर प्लेट, रिलीज शाफ्टचे कोरडे बुश किंवा बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिची झीज बघावी लागेल.

आता केबलची निवड. किमतीपेक्षा तिच्या आतलं अस्तर महत्त्वाचं. केबलला वळणं असतात आणि प्रत्येक वळणावर तार कव्हरच्या, म्हणजे बाहेरच्या नळीच्या, आतल्या बाजूला घासते. सगळी वळणं मिळून 180 अंश झाली आणि अस्तर चांगलं, म्हणजे घर्षण गुणांक 0.1 धरला, तर पायाला सुमारे 37 टक्के जास्त जोर लागतो. तोच गुणांक गंजामुळे 0.2 झाला तर हा वाढीव जोर सुमारे 87 टक्क्यांवर जातो. प्रेशर प्लेट जड असताना हा फरक सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये गुडघ्याला कळतो. म्हणून आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली केबलच घ्या. आणि अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल किंवा ग्रीस ओतू नका. धूळ चिकटते, चिकट लगदा होतो आणि केबल आणखी जड होते.

जुनी केबल सोबत घेऊन दुकानात जा आणि चासी नंबर लिहून न्या. दोन मापं काउंटरवरच जुळवा: कव्हरची लांबी, आणि कव्हर सरळ धरल्यावर बाहेर राहणाऱ्या तारेची लांबी. दुसरं माप जास्त महत्त्वाचं, कारण ॲडजस्टमेंटला किती आटे शिल्लक राहणार ते त्यावर ठरतं. कव्हर लांब निघालं तर वळण घट्ट पडतं, आखूड निघालं तर इंजिन हलताना केबल ताणली जाते. टोकाचे तुकडे तारेवर नीट दाबलेले आहेत का, दोन्ही टोकांचे रबर आहेत का, हेही बघा. पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं. दाखवलेल्या दोन्ही केबलबद्दल शंका वाटली तर कंपनीची घ्या. प्रेशर प्लेट जड असल्यामुळे स्वस्त केबलचं कव्हर दाबलं जाऊन लांबी खातं, आणि मग प्ले सेट केला तरी टिकत नाही. 800 ची किंवा झेनची केबल वॉशर घालून बसवून देतो म्हणणाऱ्याला मात्र सरळ नाही म्हणा.

बसवायचं काम इंजिन गार असताना करा. हँडब्रेक, न्यूट्रल, चाकाला दगड. नट सोडण्याआधी किती आटे बाहेर दिसतात ते मोजून ठेवा किंवा फोटो काढा. गिअरबॉक्सकडचं टोक सुटलं की डॅशबोर्डखालून पेडलचं आकड्यात अडकवलेलं टोक काढा. नवी केबल जुनीच्याच वाटेने न्या. एक्झॉस्टपासून लांब, स्टिअरिंग शाफ्टला न टेकता, कुठेही मुरड न पडता. पेडलच्या आकड्याला आणि लिव्हरच्या सांध्याला किंचित ग्रीस चालतं. मग नट हलकासा लावून पेडल 20-30 वेळा मारा. कव्हर आपापल्या खाचेत बसतं, त्यानंतरच माप घ्यायचं. आधी माप घेतलं तर दुसऱ्या दिवशी ते बदललेलं असतं.

माप दोन ठिकाणी घ्या. लिव्हरच्या टोकाला मोकळी हालचाल 2 ते 4 मिलिमीटर. त्याचं पेडलवर साधारण 15 ते 25 मिलिमीटर होतं. गाडीचं मॅन्युअल हाती असेल तर त्यातला आकडा धरा. पेडलचं माप पायाने नाही, बोटाने दाबून घ्या. जिथे बोटाला अचानक जड लागतं तिथपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. नट फिरवताना आट्याचा दांडा पकडीने धरून ठेवा, पण आट्यांवर नाही. दांडा फिरला तर तारेचे दोरे पिळले जातात आणि केबल महिनाभरात उसवते.

प्ले अजिबात नको, पाय ठेवताच क्लच काम करू दे, अशी मागणी बरेच जण करतात. तसं करू नका. प्ले शून्य झाला की बेअरिंग सतत बोटांना टेकून फिरतं, बोटं थोडी दाबलेली राहतात, प्लेट पूर्ण दाबाने पकडली जात नाही आणि क्लच घाटात जळतो. उलट प्ले फार ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना कर्र वाजतं आणि गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा झिजतात.

नट पूर्ण सैल करूनही प्ले मिळत नसेल, तर प्लेट संपलीय किंवा केबल चुकीची आहे. लिव्हरही बघा: तो दात असलेल्या शाफ्टवर बसतो, लिव्हरवर आणि शाफ्टवर पंचाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर हव्यात. मागे कुणी एका दाताने चुकवून बसवला असेल तर केबल कितीही सेट करा, पेडलची चाल जमणार नाही.

तपासणी गरम इंजिनवर. आयडलला पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला पाहिजे. मग कात्रजच्या जुन्या घाटात, मागे गाडी नसताना, चौथ्या गिअरमध्ये 40-50 च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. वेग न वाढता नुसते आरपीएम चढले तर क्लच स्लिप होतोय. हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद पाडायची परीक्षा पुन:पुन्हा करू नका, त्यात चांगली प्लेटही भाजते.

केबल आधी एकदा बदलली असेल आणि तिचं अस्तर वितळलेलं निघालं, तर इंजिनची अर्थ वायर तपासा. ती तुटली किंवा गंजली की स्टार्टरचा करंट बॉडीत जायला दुसरी वाट शोधतो आणि क्लच केबल ही त्यातली एक. मल्टिमीटरचं एक टोक इंजिनला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल मारा. 0.2 व्होल्टपेक्षा फार जास्त दिसलं तर नवी अर्थ वायर आधी, केबल नंतर. इंजिनचे माउंटिंगही त्याच वेळी हलवून बघा. ते सैल असतील तर गाडी उचलताना इंजिन डोलतं, केबल कमी-जास्त ओढली जाते आणि गाडी धडधडत निघते. हा दोष बऱ्याचदा क्लच प्लेटच्या माथी मारला जातो.

पहिल्या 500 किलोमीटरनंतर प्ले पुन्हा मोजा, नवी केबल थोडी बसते. नंतर दर 5,000 ला पुरे. जुनी केबल अजून धड असेल तर टाकू नका, दोन पाने आणि पकडीसह डिकीत ठेवा. चांदणी चौकात तार तुटली तर तीच घरी आणते.